अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींचे पाय परप्रांतात ओळखीचा शब्द दिसला की क्षणभर थबकतात. असा एक शब्द आज पंजाबपासून केरळपर्यंत आणि गुजरातपासून ईशान्येकडील डोंगरी राज्यांपर्यंत खेडोपाडीच्या पाट्यांवर लिहिलेला आढळतो. लिपी बदलते, उच्चारात थोडा फरक पडतो. पण शब्द तोच. तो शब्द म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना हे नाव मिळाले आणि पुढे ते सर्व देशाचे झाले. शासकीय कागदपत्रांतून हा शब्द आमच्यासारख्या नोकरदारांच्या नजरेखालून नित्य जातो. परंतु तो मूळचा कोणाच्या अंगणातला, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. तो शब्द आणि त्यामागील कल्पना यांचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या ताराबाई मोडक. ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी १९४५ साली एक लहानशी बालवाडी काढली. त्या शाळेची आणि त्या जीवनाची ओळख मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकर कुटुंबात झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे की नाही, याची चर्चा ज्या काळी घरोघर चालत असे, त्या काळी या घरात तो प्रश्नच उरला नव्हता. १९१४ साली ताराबाई बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया इतक्या थोड्या होत्या, की या एका पदवीच्या बळावर त्यांना शहरात मानाने आणि निर्वेधपणे आयुष्य घालविता आले असते. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी, समाजाची नजर कठोर आणि माहेरच्या आधारावर फार काळ राहावयाचे नाही असा स्वाभिमानी स्वभाव! अशा स्थितीत त्यांनी राजकोटचा रस्ता धरला.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. शिक्षिका तयार करणाऱ्या त्या संस्थेचे प्रमुखपद म्हणजे प्रतिष्ठा, निश्चित वेतन आणि राहण्याची सोय. एकट्या स्त्रीला याहून अधिक सुरक्षित आसरा त्या काळी सापडणे कठीण होते. तथापि, शिक्षिका घडविण्याचे काम करीत असतानाच मूल शिकते कसे, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला. याच सुमारास काठेवाडात, राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगर येथे, बालशिक्षणाचा एक नवा प्रयोग चालला असल्याचे त्यांना समजले. १९२३ साली त्यांनी राजकोटचे पद सोडले आणि त्या प्रयोगात सामील झाल्या.

भावनगरची दक्षिणामूर्ती ही संस्था नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेली. तिच्या बालमंदिराचे प्राण होते गिजुभाई बधेका. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार लागले आणि वकिली सोडून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांचे हे गृहस्थ मुलांवर इतकी माया करीत, की गुजरातने त्यांना मिशाळू आई असे लाडके नाव दिले. छडी, घोकंपट्टी आणि परीक्षेची धास्ती यांवर उभ्या असलेल्या तत्कालीन प्राथमिक शाळेच्या शेजारी हे बालमंदिर म्हणजे एक निराळेच जग होते. तेथे मूल आपल्या आवडीचे काम आपण निवडी. दट्ट्यांच्या पेट्या, एकावर एक रचावयाचे ठोकळे, खरकागदाची अक्षरे अशा साधनांशी ते हाताने खेळे आणि त्या खेळातून त्याचे डोळे, बोटे व बुद्धी एकाच वेळी तयार होत. शिक्षकाने शिकवावयाचे कमी आणि निरीक्षण करावयाचे अधिक, अशी तेथील रीत होती.

ताराबाई तेथे जवळजवळ दहा वर्षे राहिल्या. या काळाचा एक विशेष आपण परप्रांतवासी मराठी माणसांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. भावनगरचे मूल गुजराती बोलणारे. त्याच्यापाशी जावयाचे तर त्याच्याच बोलीतून जावयास हवे. ताराबाईंनी गुजराती आत्मसात केली. इतकी, की त्या भाषेत त्यांनी मुलांसाठी आणि पालकांसाठी लेखन केले. गिजुभाईंच्या बरोबरीने त्यांनी गुजराती शिक्षणपत्रिकेचे संपादन सांभाळले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तिच्यातही त्या अग्रभागी होत्या. महाराष्ट्रातून आलेल्या एका स्त्रीला गुजरातच्या बालशिक्षणाच्या इतिहासात गिजुभाईंच्या शेजारी स्थान मिळाले, ते या भाषिक आत्मीयतेमुळे.

पुढे त्या महाराष्ट्रात परतल्या, तेव्हा त्यांच्या हाती एक सिद्ध झालेली पद्धती होती. ती आपल्या लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९३३ साली त्यांनी मराठी शिक्षणपत्रिका सुरू केली. बालशिक्षणासारखा विषय शास्त्रीय परिभाषेत न अडकविता आईबापांना कळेल अशा सुबोध मराठीत मांडावयाचा, हे व्रत या पत्रिकेने सांभाळले. १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. बालमंदिराबरोबरच तेथे शिक्षिका तयार करण्याचे कामही चालू झाले. दादरच्या मध्यमवर्गीय मराठी वस्तीने शिशुविहारला आपलेसे केले. लेखन, व्याख्याने, शिक्षिकांचे वर्ग यांत ताराबाईंचे दिवस भरून गेले.

येथवरचे चरित्र एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञाचे आहे. आणखी काही वर्षे असेच काम करून त्यांनी सन्मानाने निवृत्ती पत्करली असती, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. परंतु ताराबाईंच्या मनात एक शल्य होते. माँटेसरी साधनांचा संच महाग. तो विकत घेणार कोण? सुशिक्षित घरांतील, नीटनेटकी, दूध पिऊन शाळेत येणारी मुले या पद्धतीने फुलत होती खरी. परंतु ती मुले या देशात किती? स्वतः माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत निघाले होते. आपल्याकडे मात्र ती पद्धती शहरातल्या बऱ्या घरांपाशी येऊन थांबली होती. इकडे महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यास बुनियादी शिक्षणाची योजना मांडली होती आणि पुढे सात वर्षांच्या आतील मुलांच्या शिक्षणाचाही विचार त्या योजनेत होऊ लागला होता. खेड्यातल्या मुलाला परवडेल असे बालशिक्षण उभे राहील काय, या प्रश्नाचे उत्तर दादरमध्ये बसून मिळणारे नव्हते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीस आल्या.

बोर्डी हे गाव मुंबईच्या उत्तरेस, गुजरातच्या सरहद्दीला लागून आहे. पुढे समुद्र, मागे चिकूच्या बागा आणि त्यापलीकडे वारली व अन्य आदिवासींची डोंगराळ वस्ती. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा तेथे शेजारीशेजारी नांदतात. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल गावात १९२० पासून होते आणि आचार्य भिसे व चित्रे गुरुजी यांच्यासारख्या त्यागी शिक्षकांनी तेथे शिक्षणाचे वातावरण निर्माण केले होते. तथापि, शाळेचा हा प्रकाश डोंगरापलीकडे पोहोचला नव्हता. तिकडे जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या वेठबिगारीत वारली समाज भरडला जात होता. त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा त्यांनी निर्धार केला. अशा खळबळीच्या काळात, त्याच परिसरात, दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी शाळा काढावयास एक शहरी पदवीधर बाई आली, हे अनेकांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही.

या कार्यात ताराबाईंना एक अलौकिक सहकारी लाभली. ती म्हणजे अनुताई वाघ. अनुताई बालपणीच विवाहित होऊन अवघ्या काही महिन्यांत विधवा झालेल्या. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली. पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या त्या कायमच्याच. वयाने अठरा वर्षांचे अंतर असलेल्या या दोन स्त्रियांनी पुढील अठ्ठावीस वर्षे एकमेकींच्या साथीने काम केले. एकीने दिशा दाखवावी आणि दुसरीने ती वाट पायांखाली घालावी, असे हे नाते होते.

ग्राम बालशिक्षा केंद्राची बालवाडी सुरू झाली. पण ज्यांच्यासाठी ती होती, ती मुले येईनात. शाळा उघडली, घंटा वाजविली की मुले येतात, हा शहरातला अनुभव येथे उपयोगी पडेना. याची कारणे साधी होती. आईबाप पहाटे कामावर जात. मागे राहिलेले मोठे भावंड लहानग्याला कडेवर घेऊन हिंडे. अंगावर धड कपडा नसे. गावाच्या मध्यवस्तीत येण्याची दलित वस्तीतल्या माणसांना भीती वाटे, आणि ती भीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली होती. शाळा ही वस्तू आपली नव्हे, हे त्यांच्या मनात पक्के रुजलेले होते.

येथे ताराबाईंनी जो निर्णय घेतला, त्यातच या सर्व कार्याचे मर्म आहे. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतल्या एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यावयाचे, सडा घालावयाचा, आजूबाजूची मुले गोळा करावयाची आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावयाचे. ही झाली अंगणवाडी. तिला इमारत नको, बाके नकोत, मोठा खर्च नको. अंगणात चाललेला हा प्रकार घरातली म्हातारी माणसे उंबऱ्यावर बसून पाहात, कामावरून परतलेल्या आया थबकून पाहात आणि हळूहळू त्यांचा परकेपणा कमी होई. पालकांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र सभा भरविण्याची आवश्यकताच राहिली नाही.

अंगणवाडीचा पहिला पाठ स्वच्छतेचा असे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, डोळे धुणे, खरूज झाली असल्यास औषध लावणे, ही कामे शिक्षिकांनी स्वतःच्या हातांनी केली. आज हे वाचताना त्यात विशेष असे काही वाटणार नाही. परंतु सवर्ण घरांतील स्त्रियांनी दलितांच्या आणि आदिवासींच्या लेकरांना न्हाऊमाखू घालणे ही त्या काळातील खेड्यात लहान गोष्ट नव्हती.

दुसरा प्रश्न साधनांचा. परदेशी संचाची किंमत परवडणारी नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. समुद्रकाठी शंखशिंपल्यांना तोटा नाही, रानात बियांना, पानांना, फुलांना तोटा नाही. लहानमोठे दगड क्रमाने लावले की आकारज्ञान होते. चिंचोके मोजले की गणित येते. पाने जुळविली की रंगांच्या छटा कळतात. मातीचे गोळे वळता वळता बोटांना वळण लागते. माँटेसरी पद्धतीचा गाभा न सोडता तिचा पोशाख ताराबाईंनी येथील मातीचा केला. गिजुभाईंच्या बालमंदिरात शिकलेले तत्त्व त्यांनी गरिबांच्या दारी नेले, ते अशा रीतीने.

१९५७ साली केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीस निदान गाव होते; कोसबाडला झोपड्या विखुरलेल्या, पाडे एकमेकांपासून दूर आणि वस्ती प्रामुख्याने वारल्यांची. आचार्य भिसे यांचे साह्य येथेही लाभले. या ठिकाणी भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वारली मुलांची बोली ही पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून निराळी. शहरी मराठी शिक्षिका त्यांच्या दृष्टीने परकीच. भावनगरला गुजराती शिकलेल्या ताराबाईंना यात नवीन काही नव्हते. मुलाची बोली ही चूक नव्हे, ती त्याची घरची शिदोरी आहे; तिचा मान राखून मग पुढची भाषा शिकवावयाची, हेच धोरण येथेही राहिले. वारल्यांची गाणी, नाच आणि चित्रे यांना शाळेत मोकळा प्रवेश मिळाला.

तरीही सात-आठ वर्षांची मुले शाळेत टिकत नसत, कारण ती गुरे राखावयास जात. गुरे राखणे ही त्या घराची गरज होती. तिला आळस म्हणून हिणविण्यात अर्थ नव्हता. तेव्हा शिक्षक गुरांच्या मागोमाग कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमत आणि तेथेच वाचन, गणित, झाडेझुडपे, पशुपक्षी यांचे पाठ होत. ही कुरणशाळा. ज्यांना दिवसा मुळीच सवड नाही, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. आणि लहान भावंड सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी राहावे लागते, या अडचणीवरचा तोडगा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावयाची. मोठी बहीण येताना तान्हे भावंड घेऊन येईल, ते पाळणाघरात राहील, मधले बालवाडीत बसेल आणि ती स्वतः निश्चिंतपणे आपल्या वर्गात शिकेल. एका कुटुंबाची तीन मुले एका वाटेने शाळेत येत. गळतीवर किती समित्या बसल्या आणि किती अहवाल लिहिले गेले! कोसबाडच्या टेकडीवर मात्र त्या प्रश्नाचे उत्तर एका वारली मुलीच्या कडेवरच्या तान्ह्या बाळाकडे पाहून शोधण्यात आले.

हे सर्व निर्वेध झाले असे समजण्याचे कारण नाही. पैशांची ओढाताण कायमची होती. पावसाळ्यात वाटा बंद होत. कामाच्या शोधात कुटुंबे स्थलांतर करीत आणि रंगात आलेली बालवाडी अचानक रिकामी होई. दोन्ही बायका पुन्हा पाड्यापाड्यांतून हिंडून मुले गोळा करीत. अनुताईंनी तर या धबडग्यातच अभ्यास करून पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली, बी. ए. ची पदवी संपादन केली. पुढील वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. १९७३ साली ताराबाईंचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी अंगणवाडी हा शब्द केंद्र शासनाच्या योजनेत आला. तो दिवस पाहण्यास त्या नव्हत्या. अनुताईंनी मात्र टेकडी सोडली नाही. १९९२ साली, कोसबाडलाच, त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

आता अंगणवाड्यांचा विस्तार लाखांच्या घरात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले आणि आरंभीचे शिक्षण शक्य तेथे घरच्या भाषेत असावे, असे सुचविले. बोर्डीच्या अंगणात जे १९४५ साली सुरू झाले, ते धोरणाच्या कागदावर येण्यास पंचाहत्तर वर्षे लागली. कागदावर आले म्हणजे अंगणात उतरलेच असे नव्हे, हे आम्हा नोकरशाहीतील माणसांना सांगावयास नको. पोषण आहाराची नोंदवही पूर्ण आहे आणि गाणे-गोष्ट मात्र नाही, अशा अंगणवाड्याही आहेत. ताराबाईंच्या दृष्टीने गाणे आणि गोष्ट हाही आहारच होता.

आपल्या मंडळाच्या परिवारात या चरित्राला एक जवळचा अर्थ आहे. बदलीच्या नोकरीत आपली मुले परभाषेच्या शाळांत शिकली. घरी मराठी, अंगणात हिंदी किंवा स्थानिक भाषा आणि वर्गात इंग्रजी, अशी त्यांची तारांबळ आपण पाहिली आहे. वर्गात आपले मूल गप्प बसते, हे ऐकून आपला जीव कासावीस झाला आहे. त्या कासाविशीतूनच ठिकठिकाणच्या मंडळांनी मराठीचे वर्ग चालविले, गणेशोत्सवात मुलांची नाटके बसविली, वाचनालये जपली. हे योग्यच झाले. परंतु ताराबाईंचे जीवन आपणांस आणखी एक पाऊल टाकावयास सांगते. आपल्याच वसाहतीच्या कडेला इमारतीच्या कामावर आलेल्या मजुरांची लेकरे वाळूत खेळत असतात. त्यांची घरची बोली तिसरीच असते, त्यांच्या कडेवर भावंड असते आणि शाळा त्यांच्यापासून तितकीच दूर असते, जितकी ती बोर्डीच्या वस्तीतल्या मुलांपासून होती. स्वतःच्या मुलाच्या गप्पपणाने आपण व्याकुळ झालो असू, तर या मुलांचा गप्पपणाही आपणांस कळावयास हवा. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस मंडळाच्या सभागृहाचे अंगण उघडण्यास मोठा निधी लागत नाही. चार उत्साही भगिनी, थोडे चिंचोके आणि शिंपले, आणि त्या मुलांची बोली ऐकून घेण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे. ते ताराबाईंना पुरले होते.

पन्नास वर्षांत मंडळाने आपल्या माणसांना एकत्र ठेवले. पुढील पन्नास वर्षांत त्याचे अंगण शेजाऱ्यांच्या लेकरांनीही गजबजावे, अशी सदिच्छा व्यक्त करून, भावनगरच्या बालमंदिरापासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत मुलांच्या मागे चालत गेलेल्या ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.